गच्चीवरची शेड, खिडकी आणि ४४ हा आकडा

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत फ्लॅट बघायला गेलं की स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळेल का, हे सगळं विचारलं जातं. ही इमारत किती वेगाचा वारा धरून बांधली आहे, हे कोणी विचारत नाही. चक्रीवादळ म्हणजे ओडिशा आणि आंध्रची गोष्ट, आपल्याकडे फार तर झाडं पडतात, असा आपला पक्का समज आहे. तारखा मात्र काही वेगळंच सांगतात. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या मधून जमिनीवर आलं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच वर सरकलं आणि गुजरातेत जमिनीवर आलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला होता.

१३ मे २०२४ ला तर चक्रीवादळ नव्हतंच. तो वळवाचा पाऊस होता, धुळीचे लोट घेऊन आलेला. त्यात घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. फलक १२० फूट बाय १२० फुटांचा होता, मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. तपासात व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी दिलेल्या अहवालातले तीन आकडे वर्तमानपत्रांत छापून आले होते. नियमानुसार तो फलक ताशी १५८ किलोमीटरच्या वाऱ्यात उभा राहायला हवा होता, प्रत्यक्षात त्याचा पाया ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच होता आणि त्या दिवशीचा वारा होता ताशी ८७. हे १५८ कुठून आलं, ते कळलं की घराच्या वारा सोसण्याच्या क्षमतेबद्दलचं निम्मं कोडं सुटतं. हा लेख त्यासाठीच आहे.

४४ म्हणजे काय

आपल्याकडे घरावर 'अमुक इतकं वादळ झेलेल' असा शिक्का मारलेला नसतो. इमारतीचा आराखडा करताना इंजिनिअर भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३ वापरतो. त्याची सध्याची आवृत्ती २०१५ ची, त्याआधीची १९८७ ची. त्यात देशाचा नकाशा आहे आणि सगळा देश वाऱ्याच्या सहा पट्ट्यांत वाटला आहे : सेकंदाला ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर. पुणे आणि नाशिक ३९ मध्ये, मुंबई ४४ मध्ये, भुवनेश्वर ५० मध्ये. ठाणे आणि कल्याणची नावं शहरांच्या यादीत वेगळी दिलेली नाहीत, पण नकाशावर ती मुंबईच्याच पट्ट्यात येतात. सेकंदाला ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. घाटकोपरच्या अहवालातला आकडा तो हाच.

हा वेग नेमका कशाचा, तेही नीट समजून घ्यायला हवं. मोकळ्या सपाट जागेवर, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, तीन सेकंदांच्या झोताचा, आणि सरासरी ५० वर्षांतून एकदा येईल इतका मोठा, असा तो वेग आहे. हवामान खातं चक्रीवादळाची तीव्रता सांगतं, तेव्हा तो वारा तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो. ६२ ते ८८ किलोमीटरला चक्रीवादळ, ८९ ते ११७ ला तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र. अमेरिकेत हरिकेनचा वर्ग एक मिनिटाच्या सरासरीवर ठरतो. म्हणून ह्यूस्टनच्या नातेवाइकाने फोनवर सांगितलेला वेग, टीव्हीवर दिसणारा वेग आणि तुमच्या इमारतीच्या नकाशावरचा वेग शेजारी शेजारी मांडून तुलना करू नका. बातमीत ११० ऐकलं आणि आपली इमारत १५८ ची आहे म्हणून निर्धास्त झालात, तर फसाल. सरासरी ११० असताना मधले झोत त्याच्या बरेच वर जातात आणि पत्रा उडतो तो झोताने.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो भरतो. तौक्तेच्या ११४ ला तो ६१ किलो होतो आणि १५८ ला ११८ किलो. दर मे महिन्यात ५०-६० चा वारा येतो आणि आपली शेड टिकते, म्हणून ती मजबूत आहे असं मानणं याचमुळे चुकीचं. ६० ला टिकलेल्या शेडची ११४ ला जी परीक्षा होते, ती साडेतीन पटींची असते.

तुमच्या मजल्यावरचा वारा

४४ हा फक्त सुरुवातीचा आकडा. त्याला इंजिनिअर तीन-चार गुणकांनी गुणतो आणि तुमच्या घराचा खरा हिशेब तिथे ठरतो.

पहिला गुणक उंचीचा आणि आजूबाजूच्या वस्तीचा. डोंबिवली पूर्वेला फडके रोडच्या मागच्या गल्ल्यांत इमारतींना इमारती लागून आहेत. तिथे खालच्या मजल्यांना वारा अडतो. मोठागावच्या खाडीकाठी, कोलशेत-बाळकूमला खाडीकडे तोंड केलेल्या टॉवरला किंवा कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीवरून थेट येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काहीच नाही. दाट वस्तीत १० मीटर उंचीवर ४४ चे ४० होतात, पण त्याच वस्तीत ५० मीटरवर ४९ आणि १०० मीटरवर ५३ होतात. दाबाच्या भाषेत सांगायचं तर तिसऱ्या मजल्यावरच्या काचेवर जेवढा जोर येतो, त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जोर त्याच भागातल्या तिसाव्या मजल्यावरच्या काचेवर येतो. घोडबंदर रोडला तिसाव्या मजल्यावर राहायला गेलेल्या कुटुंबाला जुन्या चाळीतल्या खिडकीचा अनुभव उपयोगी पडत नाही.

दुसरा गुणक चढ-उताराचा. टेकडीच्या माथ्यावर आणि वरच्या उतारावर वारा वेग घेतो. मानकात यासाठी एकपासून १.३६ पर्यंत गुणक आहे. येऊरच्या किंवा मुंब्र्याजवळ पारसिकच्या वरच्या उतारावर घर असेल, तर इंजिनिअरने हा गुणक विचारात घेतला का, हे विचाराच.

तिसरा गुणक इमारत किती वर्षांसाठी बांधली त्याचा. त्यावर पुढे शेडच्या संदर्भात सविस्तर लिहिलं आहे, कारण खरी गडबड तिथेच होते.

चक्रीवादळासाठीचा म्हणून एक वेगळा गुणकही २०१५ च्या आवृत्तीत आला. तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यालगतच्या सुमारे ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. राहत्या घरांसाठी त्या पट्ट्यातही हा गुणक १ च आहे. वाढीव गुणक कारखान्यांना आणि वादळानंतर चालू राहायलाच हव्यात अशा रुग्णालयांसारख्या इमारतींना लागतो. निसर्ग आणि तौक्तेनंतर, कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या रुग्णालयाने किंवा शाळेने स्वतःहून तो गुणक धरून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्चात फार फरक पडत नाही.

इमारत टिकेल का

काँक्रीटची चौकट असलेली, मंजूर आराखड्याप्रमाणे बांधलेली चार-पाच मजली इमारत आपल्याकडच्या वाऱ्याने पडत नाही. तिचं स्वतःचं वजनच इतकं असतं की वाऱ्याला ती दाद देत नाही. आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतो आणि अशा इमारतीच्या खांब-तुळयांत आडव्या जोरासाठी घातलेली सळी बहुधा भूकंपाच्या हिशेबाने ठरते. उंच टॉवरचं गणित वेगळं. इमारतीची उंची तिच्या अरुंद बाजूच्या पाच पटींहून जास्त असेल, तर वाऱ्याने ती डोलते किती, याचा वेगळा हिशेब मानकाने सांगितला आहे. ५० मीटरहून उंच काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७०० हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार वाऱ्याने माथा सरकण्याची मर्यादा उंचीच्या पाचशेव्या भागाइतकी आहे. म्हणजे १०० मीटरच्या टॉवरचा माथा २० सेंटिमीटरपर्यंत हलणं नियमात बसतं. जोराच्या वाऱ्यात वरच्या मजल्यावर दिवा किंचित झुलताना दिसला, तर तेवढ्याने घाबरून जाऊ नका.

नवं घर घेत असाल तर बिल्डरकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं पहिलं पान मागा. त्यावर 'जनरल नोट्स' नावाची चौकट असते. काँक्रीटचा दर्जा, सळीचा दर्जा, भूकंप विभाग आणि त्याच रांगेत वाऱ्याचा मूळ वेग लिहिलेला असतो. तिथे ४४ दिसायला हवा. ३९ दिसला तर पुण्याच्या प्रकल्पाच्या नोट्स जशाच्या तशा उतरवल्या असतील का, हे विचारायला तुम्हाला इंजिनिअर असायची गरज नाही. मंजूर आराखडे आणि त्यांचा तपशील मिळणं हा रेरा कायद्याने खरेदीदाराला दिलेला हक्क आहे. प्रकल्पाच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव महारेराच्या संकेतस्थळावर सापडतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. टॉवरच्या खिडक्यांतून पावसाचं पाणी आत येत असेल, तर ही तक्रार याच पाच वर्षांत लेखी करा.

फक्त रेरा क्रमांक पाहून मात्र थांबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्याआधी, ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जण दगावले. परवानगीच खोटी असेल तिथे ४४ चा हिशेब कोणी केला असेल, ही आशाच सोडा. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि ती खरी आहे का, ते विचारा. यात एक दिवस गेला तरी चालेल.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. १९८७ पूर्वीची इमारत असेल तर तिचा हिशेब आजच्या वाऱ्याच्या नकाशावर झालेलाच नाही. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने सक्तीचं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. ऑडिट करून घेताना एक वाक्य आवर्जून घालायला सांगा : 'गच्ची, पॅरापेट, छज्जे, टाकीचे खांब आणि गच्चीवरची शेड यांची वाऱ्याच्या दृष्टीने तपासणी.' हे वाक्य नसेल, तर ऑडिट करणारा खांब-तुळया ठोकून, स्लॅबचं काँक्रीट पाहून निघून जातो आणि सर्वांत आधी उडणाऱ्या गोष्टी अहवालात येतच नाहीत.

शेडचा हिशेब

आपल्याकडे वादळात इमारती पडत नाहीत, त्यांच्यावर नंतर लावलेल्या गोष्टी पडतात. त्यात पहिला नंबर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा. गळती थांबवायला डोंबिवली-कल्याणच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत अशा शेड उभ्या आहेत. सभासदांनी पै पै जमवून केलेला खर्च असतो, गरजही खरी असते. पण एक हिशेब कोणी मांडत नाही. तो इथे मांडतो.

तळमजला अधिक चार अशी इमारत, शेडची उंची जमिनीपासून साधारण १५ मीटर. दाट वस्ती धरली तरी तिथे वाऱ्याचा दाब सुमारे १,०९० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला १११ किलो येतो. चारी बाजूंनी उघडी शेड वाऱ्यात छत्रीसारखी वागते. वारा तिला खाली दाबत नाही, वर उचलतो. उचलण्याचा जोर ढोबळमानाने या दाबाएवढाच धरला, तर दर चौरस फुटाला दहा किलो होतात आणि कडांना व कोपऱ्यांना त्याहून जास्त. दोन हजार चौरस फुटांच्या शेडला वर खेचणारा जोर झाला वीस टन. पत्रे, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे वासे), कैच्या सगळं मिळून शेडचं वजन चौरस फुटाला एक-दीड किलो, म्हणजे दोन-तीन टन. उरलेले सतरा-अठरा टन कोणी धरून ठेवायचे? फक्त खांबांच्या तळाशी असलेल्या बोल्टनी. सोळा खांब असतील तर प्रत्येक खांबाला एक टनाहून जास्त वजन वरच्या दिशेने पेलायचं आहे.

आता गच्चीवर जा आणि एका खांबाच्या पायाशी वाकून बघा. चौकोनी बेसप्लेट, चार बोल्ट. बोल्ट कशात गेले आहेत? बहुतेक ठिकाणी ते ब्रिकबॅट कोब्यात गेलेले असतात. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा, वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला चार-सहा इंचांचा थर. त्याला खेचून धरण्याची ताकद नसते. बोल्ट कोब्यासकट उपटून येतो. शिवाय त्या भोकांतून पाणी झिरपायला लागतं, ज्या गळतीसाठी शेड घातली तीच पुन्हा सुरू होते. काही ठिकाणी खांब विटांच्या पॅरापेटवर उभे केलेले असतात. ती सर्वांत वाईट पद्धत. वारा शेडसोबत भिंतही उचलतो आणि विटा रस्त्यावर पडतात. बेसप्लेटच्या कडेला पाणी साचून गंज चढला असेल, नट हाताने फिरत असेल, बोल्टचे आटे दिसेनासे झाले असतील, तर त्या शेडखाली मे महिन्यात कपडे वाळत घालायलाही जाऊ नका.

बरोबर पद्धत अशी. खांब इमारतीच्या काँक्रीटच्या खांबांच्या रेषेत यावेत. तिथला कोबा काढून, मूळ स्लॅब किंवा खांबाच्या डोक्यात केमिकल अँकर बसवावेत, वर काँक्रीटचा ठोकळा घालून सभोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं. खांबांना तिरके आधार द्यावेत. पत्रा पर्लिनला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आणि रबर वॉशरने जोडताना मध्यभागी एक आड एक पन्हाळीला स्क्रू चालतो, पण चारी कडांना प्रत्येक पन्हाळीला स्क्रू हवा. आपल्याकडे जोराचा वारा पावसाळ्यात पश्चिमेकडून येतो. तेव्हा पत्र्यांचे जोड त्या दिशेला तोंड करून ठेवू नयेत. बाहेर आलेली पत्र्याची पट्टी दीड फुटाहून जास्त ठेवू नये. वाऱ्याला पहिली पकड तिथेच मिळते.

आता तो राहिलेला गुणक. मानकात कायम इमारतीला ५० वर्षांचा हिशेब, म्हणून गुणक एक. पाच वर्षांपुरत्या तात्पुरत्या शेडला ४४ च्या पट्ट्यात गुणक ०.७३. वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे शेडला 'तात्पुरती' म्हटलं की जोर थेट निम्म्यावर येतो. कागदावर लोखंड कमी लागतं, कोटेशन स्वस्त दिसतं. पण तुमची शेड पाच वर्षांनी काढणार आहात का? ती पंधरा-वीस वर्षं राहणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून फॅब्रिकेटरला कोटेशन मागण्याआधी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एका पानाचा हिशेब घ्या. त्यावर वाऱ्याचा मूळ वेग ४४, गुणक १, प्रत्येक खांबाच्या तळाशी वरच्या दिशेने येणारा जोर आणि अँकरचा आकार, एवढं लिहिलेलं हवं. महापालिकेची परवानगी घ्या. 'सगळ्यांनी अशाच घातल्या आहेत' हे फॅब्रिकेटरचं उत्तर ऐकून सही करू नका.

चाळीत किंवा बैठ्या घरात राहणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवण्याची आपली रीत आहे. चौरस फुटाला काही किलोंनी उचलणाऱ्या वाऱ्यासमोर चार दगडांचं वजन काहीच नाही आणि पत्रा उडाला की तेच दगड शेजारच्या घरावर जाऊन पडतात. त्यापेक्षा जे-बोल्ट वाढवा, वासे भिंतीला लोखंडी पट्टीने बांधा, भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी असेल तर पट्टी तिच्यात धरा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊन चढू नका, तो पायाखाली फुटतो. निसर्गनंतर श्रीवर्धन-मुरूडकडे गावंच्या गावं छपराविना उरली, तेव्हा पत्रे मिळवतानाही लोकांची दमछाक झाली. वादळानंतर पत्रा शोधण्यापेक्षा आधी बोल्ट लावणं कितीतरी स्वस्त.

खिडकीला मात्र रेटिंग असतं

घराला नसलेला शिक्का खिडकीला मिळू शकतो. यूपीव्हीसी आणि चांगल्या अॅल्युमिनियम खिडक्यांचे उत्पादक युरोपीय मानक ईएन १२२१० प्रमाणे चाचणी करून घेतात. त्यात एक ते पाच वर्ग आहेत : ४००, ८००, १,२००, १,६०० आणि २,००० पास्कल. आकड्याआधी अ, ब, क असं अक्षर असतं. ते चौकट किती वाकते ते सांगतं आणि 'क' म्हणजे सर्वांत कमी वाकणारी. पाणी आत न येण्याची चाचणी ईएन १२२०८ मध्ये वेगळी असते, तीही विचारा. आपल्याकडे वाऱ्यासोबत पाऊस आडवा येतो.

वरच्या हिशेबाशी हे वर्ग ताडून पाहता येतात. दाट वस्तीतल्या चौथ्या मजल्यापर्यंत तिसरा वर्ग चालून जावा, कोपऱ्यातल्या खोलीला चौथा घ्यावा. ५० मीटर उंचीवर दाब साडेचौदाशे पास्कलच्या आसपास जातो, तिथे चौथ्याच्या खाली जाऊ नका. शंभर मीटरवर किंवा खाडीसमोरच्या उंच मजल्यांना पाचवाच. इमारतीच्या कोपऱ्याजवळ वारा खिडकी बाहेर ओढतो आणि ही ओढ सपाट भिंतीपेक्षा जास्त असते.

विक्रेता प्रमाणपत्र दाखवेल, तेव्हा त्यावर चाचणी केलेल्या नमुन्याचं माप वाचा. चार बाय चार फुटांच्या नमुन्याचा वर्ग तुमच्या हॉलच्या आठ फुटी सरकत्या दरवाजाला लागू होत नाही. खिडकी जितकी रुंद, तितका मधला उभा पट्टा जास्त वाकतो. काचेची जाडी आणि टफन काच आहे का, हे पाहाच, पण चौकट भिंतीत किती ठिकाणी अँकरने धरली आहे, तेही मोजा. फोम भरून आणि वरून सिलिकॉन मारून बसवलेली महाग खिडकी चौकटीसकट आत आलेली पाहायला कोणालाच आवडणार नाही. सरकती खिडकी रुळावरून वर उचलली जाऊ नये यासाठी वरच्या रुळात ठोकळे असतात. बसवणारे ते विसरतात. तुमच्या घरच्या खिडकीचं दार दोन्ही हातांनी वर उचलून बघा. रुळातून निघालं, तर आजच माणूस बोलवा.

फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीत १९९२ च्या 'अँड्र्यू' हरिकेननंतर नियम कडक झाले. तिथल्या खिडकीवर नऊ पौंडांचा लाकडी वासा सेकंदाला ५० फूट वेगाने मारून चाचणी घेतात. आपल्याला तेवढी गरज नाही, पण त्यामागचं कारण आपल्यालाही लागू पडतं. वाऱ्याच्या बाजूची एक काच फुटली की हवा घरात घुसते, आतून छताला आणि उलट्या बाजूच्या खिडक्यांना ढकलते. बाहेरची ओढ आणि आतला रेटा एकत्र आले की बैठ्या घराचं छप्पर जातं. 'दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा' असा सल्ला फिरत असतो. तो साफ चुकीचा आहे. सगळ्या खिडक्या आणि दारं बंद ठेवा, कड्या लावा.

बाकीच्या गोष्टी

गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या वादळाचा इशारा आला की भरून ठेवा. ५०० लिटरची भरलेली टाकी अर्ध्या टनाची असते, रिकामी टाकी घरंगळत रस्त्यावर जाते. सौर पॅनेल बसवताना कंपनीच्या कागदावर ताशी १५० किलोमीटर लिहिलेलं असेल, तर आपल्या पट्ट्याचा मूळ वेगच १५८ आहे आणि गच्चीच्या उंचीचा गुणक वेगळा, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. पॅनेल काँक्रीटच्या ठोकळ्यांवर नुसतं ठेवलं असेल, तर ठोकळ्यांच्या वजनाचा हिशेब मागा. बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या आत घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटचा ब्रॅकेट गंजला असेल तर बदला, तो खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडणार आहे. आवारातल्या झाडाच्या धोकादायक फांद्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष विभागाकडे अर्ज करावा लागतो, म्हणून तो फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या.

इशाऱ्याच्या दिवशी हवामान खात्याचा रंग बघा. पिवळा असेल तर लक्ष ठेवा, नारिंगी असेल तर गच्चीचं दार बंद करून किल्ली वॉचमनकडे द्या. वळीव अर्ध्या तासात उतरतो, तेव्हा पत्रे घट्ट करायला वर जाणारा माणूसच सापडतो. पत्रा फडफडायला लागला की त्याला कोणीही हात लावू नये. गाडी फलकाखाली किंवा झाडाखाली लावू नका.

घराचा विमा नसेल तर भारत गृह रक्षा पॉलिसी पाहा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते आणि वादळ, चक्रीवादळ त्यात धरलेलं आहे. सोसायटीने घेताना शेड, टाक्या आणि सौर पॅनेल यांचा उल्लेख लेखी करून घ्यावा आणि त्यांचे आजचे फोटो जपून ठेवावेत.

अरबी समुद्रात चक्रीवादळं मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. फयान नोव्हेंबरात आलं होतं. शेडचं काम मात्र सोसायट्या एप्रिलच्या शेवटी काढतात, जेव्हा फॅब्रिकेटर दहा ठिकाणी धावत असतो आणि वेल्डिंग रात्री उरकतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायचीच असते. इंजिनिअरच्या हिशेबाचा आणि अँकर बदलण्याचा खर्च त्याच सभेत मंजूर करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत कोबा कोरडा असतो, कारागीर मोकळे असतात आणि बोल्ट बसवल्यावर तो खेचून बघायलाही वेळ मिळतो. कामाच्या ऑर्डरमध्ये ही खेचून बघण्याची चाचणी लिहा : निदान तीन खांबांच्या अँकरवर, इंजिनिअरसमोर. ती झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.